दगडावरचा पिंपळ

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने मला शाल दिली, नारळ दिला आणि एक बोन्साय दिलं. शाल मी अजून वापरतो. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली. बोन्साय मी एसटी स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकाखाली पायाने आत सरकवलं आणि गाडीत चढलो. कंडक्टरने मागून हाक मारली, "ओ काका, तुमची कुंडी राहिली." मी म्हणालो, "माझी नाही."

वडाचं होतं. ताटलीएवढ्या कुंडीत एक काळा दगड, त्याला गच्च धरून बसलेली मुळं आणि वर वीतभर झाड. देणारी पोरं चांगली होती, पुण्याच्या नर्सरीतून हौसेने आणलं होतं. एका मुलीने भाषणात सांगितलंही, की आपल्या कॉलेजात बोन्सायची सुरुवात झाली तेव्हा काका तिथे होते. होतो ना. चांगलाच होतो. सत्काराच्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला मळमळायला लागलं आणि मी तोंडाला रुमाल लावला. लोकांना वाटलं, काका गहिवरले.

ज्यांना बोन्साय आवडतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. कुणाला कशाचा नाद असावा हे मी कोण ठरवणार? पण मला किळस येते, आणि ती पहिल्यांदा नाकात येते. करडईची पेंड पाण्यात पंधरा दिवस कुजवली, की तिला जो वास सुटतो, तो मेलेल्या उंदराच्या वासाच्या दोन पायऱ्या वरचा असतो. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळतात. ते पाणी गाळून, पातळ करून, चमच्याचमच्याने झाडाला घालायचं. ते काम माझं. हात तीन-तीनदा साबणाने धुवून भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला, की तोच वास. दोन वर्षं मी त्या वासासकट जेवलो.

एकाहत्तर साली मी इंटर सायन्सला आपटलो. घरी बसायची सोय नव्हती. प्रवरेच्या काठच्या तालुक्याच्या गावात, एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस हवा होता, तिथे लागलो. हंगामी. आमची वस्ती तिथून आठ मैलांवर, सायकलने येऊन-जाऊन. वस्तीतला पगार घेणारा पहिला माणूस मी, पण हंगामी. हा शब्द काय असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. दर एप्रिलला नोकरी संपते, जूनमध्ये साहेबाच्या मनात आलं तर पुन्हा लागते. कायम होणं म्हणजे काय, तर एप्रिल आला तरी पोटात गोळा न येणं. मला कायम व्हायचं होतं, आणि ते माझ्या विभागप्रमुखांच्या एका पत्रावर होतं.

सर पुण्याचे. गोरे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम भिंग. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. ते मला त्यांच्याच कपात चहा द्यायचे. आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, "बघ, आपल्याकडे असलं काही नाही हं." दोन वर्षांत मी त्यांच्याकडे किती चहा प्यालो माहीत नाही, पण तेवढ्याच वेळा ते वाक्यही प्यालो. चहापेक्षा ते जास्त गोड असायचं.

मुंबईला कुठलंसं प्रदर्शन पाहून आल्यापासून सरांना बोन्सायचं वेड लागलं होतं. एक जाडजूड परदेशी पुस्तकही त्यांनी मिळवलं होतं. त्यातली दगडावर मुळं सोडलेली झाडं त्यांना फार आवडली. आणि आपल्याकडे त्या कामाला पिंपळासारखं झाड नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. पिंपळाला दगडाचं वावडं नसतं. कावळा भिंतीवर घाण टाकतो आणि तेवढ्यावर तो उगवतो.

त्यांच्या बंगल्याच्या मागे दगडी हौद होता आणि हौदाच्या भिंतीत एक पिंपळ होता. त्याच्या मुळांनी सांधे फाटले होते, पाणी झिरपायचं. पण सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, त्याला घरातल्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. सर मला हौदापाशी घेऊन गेले, भिंगाशी चाळा करत जरा घुटमळले, आणि म्हणाले, "अरे, तुमच्यात चालतं ना? म्हणजे पिंपळाचं तुम्हाला काही नसतं ना?"

मी म्हणालो, "चालतं, सर."

आता हे 'चालतं' नीट सांगायला हवं.

आमच्या भागात पिंपळ कुणी तोडत नाही. तो विहिरीच्या कडेला उगवो, देवळाच्या शिखरात उगवो, घराच्या पायात उगवो. भिंत गेली तरी चालेल, पण पाप नको. मग पूर्वी आमच्या वस्तीतून माणूस बोलवायचे. माझे आजोबा ते काम करायचे, मग माझे वडील. आम्ही वडलांना दादा म्हणायचो. दादांची पहार आणि कोयता ह्या कामासाठी आजूबाजूच्या गावांत माहीत होता. दादा पिंपळ काढायला लागले, की मालक झाडाकडे पाठ फिरवून उभा राहायचा आणि झाड सुटलं, की त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तीनदा म्हणायचा, "म्या न्हाई काढलं, ह्यानं काढलं." मग मालकीण त्या भोकाला हळद-कुंकू वाहायची. दादांना पायलीभर ज्वारी मिळायची. पाप आमच्याकडे, कुंकू भोकाला.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. दादांना लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, पण पिंपळाखाली कोण बसलं होतं आणि तिथे काय झालं, एवढं त्यांना कळलं. त्यांनी पहार दाराआड उभी केली. पुढच्याच उन्हाळ्यात वरच्या आळीतला एक बागायतदार बोलवायला आला. विहिरीची कड ढासळत होती त्याची. दादा म्हणाले, "आजपतूर लई काढले. आता हे झाड आपलं हाय. आता न्हाई." त्या वाक्यापायी आम्हाला दोन हंगाम कुणी सोंगणीला बोलावलं नाही. आई पोरं घेऊन दुसऱ्या गावांत कामाला जायची. दादांनी पहार काढली नाही.

आणि त्यांचा शिकलेला मुलगा, सरांच्या हौदापाशी उभा राहून, एका श्वासात म्हणाला, चालतं.

हौदातला पिंपळ मला निघाला नाही. ती दादांची विद्या होती, मला कुठली येणार? मी वरून छाटायचो, महिन्याने तो पुन्हा फुटायचा. पण रोपं मी पुष्कळ आणली. गावभर सायकल घेऊन हिंडायचो. लोक खूश. "घेऊन जा बाबा, लई उपकार झाले," म्हणत आपापल्या भिंती दाखवायचे. कुणीकुणी पाठही फिरवायचं. सहा महिन्यांत अर्ध्या गावाचे पिंपळ मी उपटले. वर कॉलेजचा सदरा घालून, शास्त्राच्या नावाने.

रोप आणलं, की त्याची मुळं धुवायची. धुतलेली मुळं पांढरट, बुळबुळीत, गांडुळासारखी. नदीतून आणलेल्या खरबरीत काळ्या दगडाच्या खाचांत ती एकेक करून बसवायची. वर शेण, पोयटा आणि शेवाळ यांचा लगदा थापायचा आणि केळीच्या वाळक्या सोपटाने दगड गच्च बांधायचा. मग डालड्याचे डबे दोन्ही तोंडांनी कापून एकावर एक चढवायचे, त्या नळकांड्यात झाड गळ्यापर्यंत मातीत पुरायचं. मुळांना वाटतं जमीन खोल आहे, ती दगडाला धरून खाली धावतात. मग दर दोन महिन्यांनी वरचा एक डबा काढून माती धुवायची, म्हणजे मुळं उघडी पडतात आणि उन्हाने टणक होतात. पानं आली की खुडायची, म्हणजे पुढची लहान येतात. ती पण खुडायची. फांदीला तांब्याची तार गुंडाळायची आणि वाकवायची. सर खुर्चीत बसून पुस्तकातून वाचायचे, मी करायचो. आणि खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. माझा हात चांगला बसला होता. सर लोकांना सांगायचे, "याच्या बोटांत जादू आहे." मी फुगायचो. किळस कशाची येते विचाराल, तर पेंडीची आणि मुळांची येतेच. पण त्या फुगण्याची सगळ्यात जास्त येते.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. भंडारदरा धरणातून सुटणाऱ्या पाण्याचं आवर्तन लांबलं, नदीत दगड आणि काटेरी बाभळी उरल्या. आमची सगळी वस्ती दुष्काळी कामावर, रस्त्याच्या खडीवर गेली. दादा, आई, बहीण, सगळे सकाळी मुकादमाला हजेरी द्यायचे आणि दिवसभर खडी फोडायचे. डोळ्यांच्या पापण्यांवर पांढरी धूळ. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची, आणि पाणी एका पिंपातून, माणशी दोन तांबे. त्या उन्हात.

सरांच्या गच्चीवर तेव्हा बावीस बोन्सायं होती. त्यांना दोन वेळ झारीने पाणी. हौद गळत होता म्हणून सर हळहळायचे. मी पाणी वर न्यायचो, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायचो, आणि सायकलने घरी जाताना खडीच्या ढिगापाशी आई दिसायची. मी उतरायचो नाही. घंटी वाजवायचो. आई हातोडा वर करून हसायची. तिच्या पोराच्या अंगावर पांढरा सदरा होता, याचंच तिला सुख.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत ठरलं, की फेब्रुवारीत कॉलेजात प्रदर्शन भरवायचं. नगरहून मोठे अधिकारी येणार होते. दिवस जवळ आले तसे सर अस्वस्थ. बावीस झाडं होती, पण सगळी दोन वर्षांची पोरं. एकाही दगडावर मूळ मुरलेलं नव्हतं. "एक तरी जुनं हवं होतं रे," ते म्हणाले, "दहा-पंधरा वर्षांचं. जे बघून माणूस थांबेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. कुणी विचारलं नव्हतं. मी आपण होऊन म्हणालो, "आमच्या वस्तीत आहे तसं एक, सर. आपोआप आलेलं. दगडावरच." आणि वर हेही, "आपल्या सगळ्यांपेक्षा भारी आहे."

होतंच भारी. दादांनी पहार ठेवली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वस्तीच्या तोंडाशी, अर्धा जमिनीत रुतलेल्या एका दगडावर ते उगवलं. दगड दोन माणसांनी उचलावा एवढा. खाली मुरूम, पाणी नाही, त्यामुळे झाड कमरेच्या वर कधी गेलंच नाही. पण मुळांनी दगडाला चारी बाजूंनी धरलं होतं. दादांनी त्याला काट्यांचं कुंपण केलं, शेळ्यांपासून राखलं. आम्हाला विहार नव्हता. वैशाख पौर्णिमेला सगळी वस्ती त्या दगडासमोर बसायची, आणि पहिली मेणबत्ती दादा लावायचे. ज्याने हे काम सोडलं त्यानेच लावावी, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

यातलं मी सरांना काही सांगितलं नाही. 'भारी आहे' एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर कॉलेजची जीप घेऊन निघाले, मला बरोबर घेतलं. वस्ती ओस. सगळे खडीवर. सर झाडापुढे उकिडवे बसले, भिंग काढलं आणि एकेक मूळ पाहिलं. मग म्हणाले, "अप्रतिम. काढ." मी जागचा हललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणाच्या मालकीचं आहे का?" मी म्हणालो, "नाही सर, आपोआप आलेलं आहे." हे मी म्हणालो. त्या वेळी मला एप्रिल दिसत होता, दुसरं काही नाही.

हत्यार नव्हतं. मी घरी गेलो आणि दाराआडची पहार घेऊन आलो.

मी दगडाखाली पहार घातली तशी सर दोन पावलं मागे सरले आणि पाठ फिरवून डोंगराकडे बघत उभे राहिले. एम.एस्सी. झालेला माणूस! ड्रायव्हर जीपच्या पलीकडे बिडी ओढायला गेला. मी कुंपण मोडलं, मुरूम उकरला, खाली गेलेलं सोटमूळ लागलं ते पहारीच्या टोकाने तोडलं. त्याचा चीक हाताला लागला, पांढरा आणि चिकट. झाड जमिनीतून सुटल्यावर मात्र सर लगबगीने आले, ओलं गोणपाट घेऊन. लेकराला गुंडाळावं तसं त्यांनी त्याला गुंडाळलं. तिघांनी दगड उचलून जीपमध्ये ठेवला. पहार मी जागच्या जागी ठेवली. चोराचं काम चोराने नीट केलं, असं मला वाटलं.

चार दिवस मी घरी गेलो नाही. प्रदर्शनाचं काम आहे म्हणून कॉलेजच्या शिपायाच्या खोलीवर राहिलो. पाचव्या दिवशी गेलो, तेव्हा वस्ती पेटलेली. वरच्या आळीतल्या पोरांनी मुद्दाम झाड उपटलं, अशी सगळ्यांची खात्री होती. तरणी माणसं काठ्या घेऊन जायला निघाली होती. दुष्काळात आधीच डोकी तापलेली, एखादं मढं पडलं असतं. दादा त्यांना एकच म्हणत होते, "बाजारापतूर थांबा. म्या बघतो."

दादांच्या पहारीचं टोक एका कोपऱ्याने तुटलेलं होतं. मुरमात ती घातली, की एका मोठ्या ओरखड्याशेजारी एक बारका ओरखडा उठायचा. हे मला माहीत होतं. मी लहानपणापासून ते ओरखडे पाहिले होते. झाड काढताना माझ्या ध्यानात आलं नाही. दादा त्या खड्ड्यात बसून ते ओरखडे पाहून आले होते. मला काहीही न विचारता त्यांनी मला जेवायला बसवलं.

बाजारच्या दिवशी खडीला सुट्टी असायची. त्याच दिवशी प्रदर्शनाचा दुसरा दिवस होता. अधिकारी आदल्या दिवशी येऊन, झाडापुढे थांबून, फोटो काढून गेले होते. दुपारी दादा कॉलेजच्या हॉलच्या दारात दिसले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, वहाणा हातात. मी टेबलामागे उभा होतो.

हिरव्या कापडावर आमचा पिंपळ मांडला होता. एक फांदी तारेने वाकवली होती. ती मीच वाकवली होती. पुढे पुठ्ठा, माझ्याच अक्षरात: पिंपळ. दगडावर मुळे. वय अंदाजे पंधरा वर्षे. खाली सरांचं नाव. दादांनी एकेक अक्षर लावून ते वाचलं. सर पाहुण्यांना काही दाखवत होते, ते जवळ आले. दादा म्हणाले, "साहेब, अंदाजे न्हाई. सरल्या पावसाळ्यात पंधरा पुरी झाली."

सरांना मौज वाटली. "अरे वा! तुम्हाला झाडांचं कळतं वाटतं?"

मी मधे पडलो. "सर, हे माझे वडील."

"असं होय!" सरांनी चक्क हात जोडले. "मुलगा हिरा आहे हो तुमचा. हे झाड यानेच दाखवलं, यानेच काढलं. एप्रिलमध्ये याच्या कायम होण्याचं पत्र मी स्वतः पाठवणार आहे. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

दादांचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं. ते मिटलं. ते काय मागायला आले होते ते मला माहीत होतं, आणि आता ते मागणार नाहीत, हेही त्याच क्षणी कळलं. मला हायसं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण वाटलं ते वाटलं.

सर मात्र थांबले नाहीत. "बरे भेटलात. माझ्या हौदात एक पिंपळ आहे, त्याने पार भगदाड पाडलंय. याला काही तो निघत नाही. तुम्हाला जमेल? म्हणजे, तुमच्यात चालतं ना? हाच म्हणाला होता मागे."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परगावच्या बाजारात ओळखीचं माणूस दिसावं आणि तेच आहे का याची खात्री करावी, तसं पाहिलं.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "चालतं."

सोळा वर्षांनी दादांनी हातात पहार घेतली. त्यांची नव्हती, सरांच्या माळ्याची होती. त्यांनी आधी बोटांनी चाचपून मूळ कुठून कुठे गेलंय ते पाहिलं, सांध्यात पाणी सोडलं, चुना हलकेच कोरला. एक दगड ढिला केला नाही. तासाभरात अख्खं झाड, शेंड्यापासून सोटमुळापर्यंत, सापासारखं बाहेर आलं. भोकात त्यांनी मीठ आणि हिंग भरला, म्हणजे पुन्हा फुटू नये. हिंग बाईंनीच पुडीत बांधून दिला होता. मग बाई हळद-कुंकवाची वाटी घेऊन मागच्या दारात आल्या आणि डोळे मिटून पुटपुटल्या, "आम्ही नाही रे बाबा काढलं, यांनी काढलं." सर हसले. म्हणाले, "अगं, काय हे!" पण हसताना त्यांची पाठ हौदाकडे होती.

ते झाडही सरांना बोन्सायसाठी हवं होतं. दादांनी ते त्यांच्या हातात दिलं.

मी दादांच्या हातावर पाणी घातलं. अर्धा तांब्याच होता. चीक सहज निघत नाही, ते मातीने चोळत राहिले. खाली बघतच विचारलं, "कायम कवा व्हनार?"

"एप्रिलात."

"मंग झालं."

ते चालत वस्तीवर गेले. मी मागून सायकल ढकलत. दिवस कलताना पोहोचलो, तर माणसं वाट बघत बसलेली, काठ्या टेकून. दादा उभ्या-उभ्याच म्हणाले, "झाड म्या काढलं. कुनाकडं जाऊ नका."

कुणाला आधी कळलंच नाही. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमी? का काढलं?"

"वाळलं हुतं."

"वाळलं न्हवतं," आतून एक बाई म्हणाली. "म्या रोज भांड्याचं पानी घालत हुते."

कुणीतरी थुंकलं. कुणीतरी म्हणालं, "जुन्या कामाची सय झाली आसंल. पायलीभर जवारी मिळाली का?" आई दारात उभी होती, ती आत गेली. मी तिथे होतो. सायकलच्या दांड्याला धरून, पांढऱ्या सदऱ्यात. दोन शब्द लागले असते, 'मी काढलं.' दादांनी ते माझ्या आधी उच्चारून टाकले होते, आणि मी त्यांना ते उच्चारू दिले.

आमचा पिंपळ मार्चमध्ये पानं टाकू लागला. सर म्हणाले, पानगळ आहे, नवी येतील. बाकीच्या बावीस झाडांना तांबूस पालवी आली. त्याला आली नाही. मी नखाने साल खरवडून पाहिली, खाली हिरवं नव्हतं. सरांना ते महिन्याने कळलं. त्यांनी दगड ठेवून घेतला. चांगला दगड होता.

एप्रिलात पत्र आलं. मी कायम झालो.

मेमध्ये पौर्णिमा आली. खड्डा बुजवून त्यावर एक स्टूल ठेवलं होतं आणि स्टुलावर बुद्धाची तसबीर. खडीवरून आलेली माणसं हातपाय न धुताच बसली, पाणी नव्हतं. दादा सगळ्यात मागे बसले, बायका आणि पोरं यांच्याही मागे, चपला काढल्या होत्या तिथे. त्यांना तिथे बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे या असंही कुणी म्हणालं नाही. मेणबत्ती कोण लावणार, यावर जरा कुजबूज झाली. मग तोच म्हातारा माझ्याकडे वळला. "तू लाव. वस्तीचा पयला कायम मानूस तू."

मी उठलो. माणसांनी सरकून मला वाट करून दिली. हात त्या दिवशी मी चारदा धुऊन आलो होतो, कॉलेजच्या नळावर, तरी काडी नाकाशी आली तेव्हा बोटांना पेंडीचा वास होता. मागे वळून मी पाहिलं नाही. मेणबत्ती पहिल्याच काडीला पेटली, आणि सगळ्यांनी हात जोडले.